नानांची मंदी, माझं उलट मत

नाना,

तुमच्या तेराव्याच्या दुपारी पंगत उठली, पाहुणे गेले, काकू जरा आडव्या झाल्या आणि मी तुमच्या टेबलाशी येऊन बसले. लॅपटॉपवर तुमचं या महिन्याचं पत्र अर्धवट होतं. वर तुमची नेहमीची तीन कलमं: बँका, धातू आणि तेल, जगाचे बाजार. खाली चौथं शीर्षक, 'उलट मत', आणि त्याखाली कोरी जागा. तिथे मी आधी एक ओळ लिहिली होती. ती तुम्हाला इतकी लागली की तुम्ही पत्र पाठवू दिलं नाहीत. आता चौदा माणसं पत्राची वाट बघत होती. खाली काही लिहायचं की नाही हे माझ्यावर होतं, आणि लिहिलं तर त्याला उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात.

आयुष्यभर तुम्ही बँकेत नोकरी केलीत आणि निवृत्त झाल्यावर दर महिन्याला लोकांना बँकांपासून सावध केलंत. एक पान, मराठीत, फुकट. वाचणारे चौदा. तुमचे जुने सहकारी, दोन डॉक्टर, इंदूरचे नातेवाईक आणि रामनगरचे लोखंडवाले गुप्ताजी. गुप्ताजींना मराठी येत नाही, पण लिपी तीच असल्याने ते हिमतीने वाचत. एकदा पायऱ्या चढून धापा टाकत आले आणि म्हणाले, "पंडितजी, आपकी मराठी आधी समझ में आती है, डर पूरा समझ में आता है।" तुम्हाला ते इतकं आवडलं की आठवडाभर येईल त्याला सांगत होतात.

मी तुमच्याकडे आले ती टाळेबंदीच्या आधीच्या हिवाळ्यात. नव्या बदलीची अधिकारी, हिंदी कच्चं, गंगाकाठचं हे शहर अनोळखी. शाखेत कुणीतरी सांगितलं की पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एक मराठी घर आहे, वरची खोली भाड्याने देतात. रिक्षा गल्लीत येत नाही हे मला माहीत नव्हतं. दोन बॅगा ओढत, एका सांडाला वाट देत मी तुमच्या दारात पोचले, तर तुम्ही नावसुद्धा विचारलं नाहीत.

"कुठली शाखा? ठेवी वाढताहेत की कर्जं?"

"दोन्ही, सर."

"वेगाने कोण?"

"कर्जं."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, आधी तिला पाणी तरी विचारा."

"पाणी दे तू. पण ऐकलंस का? कर्जं वेगाने वाढताहेत म्हणते." आणि मग माझ्याकडे वळून, "खोली बघायची गरज नाही. चांगली आहे. राहा."

त्याच संध्याकाळी काकूंनी चौक्यात पोळ्या लाटता लाटता विचारलं, "घरी कोण कोण शिकलेलं गं?" मी म्हटलं, "सगळेच, थोडंफार." तुमच्या बैठकीच्या तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या, आजोबा संस्कृतचे पंडित, वडील शिक्षक. माझे वडील रिसोडच्या एसटी स्टँडसमोर सायकली दुरुस्त करतात आणि आई अजून सही करताना अक्षरं मोजते, हे मला त्या घरात सांगवलं नाही. नंतर सांगायला हरकत नव्हती. पण एकदा टाळलेली गोष्ट पुन्हा काढायला निमित्त लागतं. ते सहा वर्षांत आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही.

तुमचे हात थरथरू लागले होते, म्हणून पत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी कचौडी-जिलेबी झाली की तुम्ही खिडकीपाशी बसून सांगायचात आणि मी टाइप करायचे. तिसऱ्या महिन्यात शेवटचं वाक्य संपलं आणि तुम्ही म्हणालात, "आता खाली तुझं लिही."

"माझं काय?"

"मी कुठे चुकतोय ते."

"नाना, तुम्ही एवढे मोठे..."

"वयाने मोठा आहे. तांब्याच्या बाबतीत नाही. लिही."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. गुरुजी उत्तर सांगत, आम्ही उतरवून घेत असू. परीक्षेत तेच उत्तर जसंच्या तसं आलं की पूर्ण गुण. मोठं माणूस कुठे चुकतंय हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं, शाळेत नाही, कॉलेजात नाही, नोकरीत तर नाहीच. मी घाबरत लिहिलं, "आदरणीय नानांच्या मताचा संपूर्ण आदर राखून..." तुम्ही तेवढ्यावर पेन्सिलीने काट मारलीत. "आदर करण्यात अर्धी ओळ गेली. मुद्दा कुठे आहे?"

मी पुन्हा लिहिलं. पाच ओळी. तुम्ही त्या दोनदा वाचल्यात, एका आकड्याखाली रेघ मारलीत आणि म्हणालात, "हा चुकीचा आहे, तपास. बाकी मला त्रास होतोय, म्हणजे ठीक आहे." त्या दिवशी मी वर खोलीत जाऊन दार लावलं आणि एकटीच हसत बसले. पदवी मिळाली तेव्हाही मला इतकं शिकल्यासारखं वाटलं नव्हतं.

मग दर महिन्याला ते ठरूनच गेलं. तुम्ही मंदी लिहायचात, मी खाली तिच्याविरुद्ध लिहायचे. शनिवारी संध्याकाळी तुम्ही मला ठठेरी बाजारात फेरीला न्यायचात. लंडनचा तांब्याचा भाव मोबाइलवर बघायचा आणि इथे भांडेवाल्यांकडे पडताळायचा, ही तुमची पद्धत. मोडीचं तांबं काय भावाने घेता? नवा हंडा कोण नेतं, लग्नाचे लोक की भंगारवाले साठवणीला? जरीवाल्याला विचारायचात, चांदी इतकी चढली, आता खरी जर कोण मागतं? तो हसून म्हणायचा, "अब तो साहब, असली हम खुद नहीं पहचानना चाहते।" परत येताना तुम्ही मला समजवायचात: भाव चढला एवढं बघून भागत नाही. घेणाऱ्याला वस्तू हवी आहे म्हणून चढला, की उद्या आणखी चढेल म्हणून चढला, हे बघ. पहिल्यात कारखाना असतो. दुसऱ्यात नुसती रांग असते, आणि रांग केव्हाही मोडते.

मी म्हणायचे, "पण नाना, विजेच्या गाड्यांना, तारांना, सगळ्याला तांबं लागणारच."

"लागेल. मी कधी नाही म्हटलं? पण आजच्या भावात पुढच्या दहा वर्षांची गरज धरून बसलेत लोक. जेवायच्या आधीच ढेकर."

तेलाबद्दल, येनबद्दल, अमेरिकेतल्या चार-पाच कंपन्यांच्या जिवावर चाललेल्या साऱ्या जगाच्या बाजाराबद्दल तुम्ही असंच बोलायचात. सगळ्या देशांनी एकाच नावेत पाय ठेवलेत आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा काठावर उभा आहे. स्वतःचे शेअर तुम्ही फार पूर्वीच विकून टाकले होते. त्यानंतर बाजार चढत गेला, चढतच गेला. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ह्यांची मंदी कधीचीच निघाली आहे हो. मुगलसरायला गाडी अडकली आहे तेवढीच." तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "अडकली आहे ना? रद्द नाही झाली."

आणि माझ्या पहिल्याच वर्षी ती खरंच आली. टाळेबंदी लागली, बाजार कोसळले, तुम्ही लिहिलेलं अक्षरशः तसंच झालं. मला वाटलं, आता तुम्ही जिंकल्यासारखं काहीतरी बोलाल. तुम्ही चौदाही जणांना एकेक करून फोन केलात. "झोप लागते का? घरी कोण कोण आहे? आता काही विकू नका, जेवून घ्या." दिवसभर तेवढंच. रात्री जेवताना मी विचारलं, "नाना, आता स्वस्त आहे सगळं. आता तरी घ्या थोडं." तुम्ही भाताचा घास हातात धरून म्हणालात, "अजून खाली जाईल." गेला नाही. पुढचं वर्षभर काकूंना मुगलसरायच्या गाडीच्या जोडीला दुसरा विनोद मिळाला: गाडी आली, थांबली, आणि हे प्लॅटफॉर्मवर वेळापत्रक वाचत राहिले.

मला तुमचा राग एकाच कलमावर यायचा, बँकांच्या. धातूंवर, तेलावर मी तुमच्याशी भांडायचे ते मजेने. बँकांचं मात्र मला लागायचं. तुम्ही म्हणायचात, बँक सगळ्यात निरोगी दिसते ती आजारी पडण्याच्या आधी, कारण थकणारी कर्जं चांगल्या वर्षांतच दिली जातात. मोबाइल घ्यायला कर्ज, लग्नाला कर्ज, आधीचं कर्ज फेडायला कर्ज. मी खाली लिहायचे की आज बँकांचे ताळेबंद पूर्वीपेक्षा स्वच्छ आहेत, बुडीत कर्जं कमी झाली आहेत, भांडवल भक्कम आहे. सगळं खरं. पण माझ्या विरोधाचं खरं कारण ते नव्हतंच. एकदा मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला बँकांची एवढी भीती का? स्वतः तिथेच आयुष्य काढलंत." तुम्ही म्हणालात, "वाचनामुळे." आणि पेपर उघडलात.

शेवटच्या रविवारी तुम्ही पलंगावर उशांना टेकून पत्र सांगितलंत. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास गोळा करत होतात. बँकांच्या कलमात तुम्ही सांगितलंत, "लहान माणसाला सहज कर्ज देणारी बँक त्याची मित्र नसते." माझी बोटं थांबली. तुम्ही विचारलंत, "झालं लिहून?" मी म्हटलं, "झालं."

मग माझी पाळी आली. तुमच्या ओठांवर निळसर छटा होती, काकू दाराशी औषध घेऊन उभ्या होत्या, आणि मला वाटलं, या माणसाशी आज कसलं भांडायचं. मी लिहिलं, "या महिन्यात उलट मत नाही. सहमत." छापून आणलं, तुमच्या हातात दिलं.

तुम्ही चष्मा लावलात. शेवटपर्यंत वाचलंत. कागद पलंगावर पालथा ठेवलात.

"सुरेखा, मी डॉक्टरांना विचारत होतो की माझं काय होणार. त्यांनी काही सांगितलं नाही. तू सांगितलंस."

"नाना, तसं नाही हो..."

"सहा वर्षांत तू एकदाही सहमत नव्हतीस. आज कशी झालीस? मी बरोबर आहे म्हणून, की मी चाललो म्हणून?"

मी पालथा कागद उचलला.

"हे जायचं नाही. पूस ते. खरं असेल ते लिही, मग पाठव."

"पुढच्या रविवारी लिहिते, नाना."

सोमवारी, मंगळवारी तुम्ही माझ्याशी थेट बोलला नाहीत. काकूंच्या तोंडून निरोप यायचे. "हे विचारताहेत, वर पंखा नीट चालतो का." "नानांना म्हणावं, चालतो." काकू वैतागल्या. "मी काय डाकघर आहे का गं तुमचं?" बुधवारी तुम्हाला इस्पितळात हलवलं. गुरुवारी मी बँकेतून थेट तिकडे आले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी वाकून म्हटलं, "नाना, तांबं आज आणखी चढलं." तुम्ही डोळे उघडलेत आणि चादरीवरच अंगठा खाली केलात. मी हसले, तुमचेही डोळे हसले. अबोला सुटला. पण लिहायचं होतं ते मी तेव्हाही बोलले नाही. शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात.

दहाव्याच्या दिवशी घाटावर तुमचा पुतण्या विधी करत होता. गुप्ताजी माझ्याशेजारी पायरीवर येऊन उभे राहिले. "चिट्ठी आएगी न बिटिया?"

मी म्हटलं, "लिहिलेली आहे. माझं खालचं राहिलं आहे." मग लक्षात येऊन हिंदीत सांगितलं.

ते म्हणाले, "इस बार नीचे कुछ मत लिखिए। पंडितजी का फोटो लगा दीजिए, बस। आदमी चला गया, अब उससे बहस करना अच्छा नहीं लगता। वो जवाब कहाँ से देंगे?"

नाना, मला ते पटलं. खरंच पटलं. त्यांच्या बोलण्यात तुमच्यावरची माया होती. म्हणून तेराव्याच्या दुपारी टेबलाशी बसले तेव्हा मी प्रथम तुमचा फोटो शोधला. सापडला. ज्ञानवापीजवळच्या स्टुडिओतला, कोट घातलेला, कपाळावर आठी. तो मी 'उलट मत' या शीर्षकाच्या जागी लावून बघितला. पान छान दिसत होतं. आणि मला वाटलं, मी पुन्हा तेच करते आहे. त्या रविवारी तुम्ही आजारी म्हणून सहमत झाले, आज तुम्ही नाही म्हणून सहमत होते आहे. मी फोटो काढला आणि लिहायला घेतलं. या वेळी एकही आकडा बघावा लागला नाही.

"नाना लिहितात की लहान माणसाला सहज कर्ज देणारी बँक त्याची मित्र नसते. मी सहमत नाही. माझे वडील सायकली दुरुस्त करतात. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे आणि ती पदवी कर्जाची आहे. बारावीनंतर मी वडिलांबरोबर बँकेत गेले तेव्हा आमच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं. शाखाधिकाऱ्यांनी माझी गुणपत्रिका बघितली आणि विचारलं, 'शिकशील ना?' मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. ते नानांसारखे सावध असते तर मी आज हे पत्र टाइप करत नसते. बँका कधी पडतील ते मला सांगता येत नाही. पण कुणीतरी न घाबरता सही करतं म्हणून माझ्यासारखी माणसं उभी राहतात. पहिल्या कलमात ही माणसं राहून गेली आहेत. हे मी नानांना सहा वर्षं सांगितलं नाही, ही चूक माझी."

काकू उठल्या होत्या. मागे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "झालं का?" त्यांनी ते पत्र कधी वाचलेलं मी बघितलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या त्याला 'ह्यांचा महिन्याचा प्रलय' म्हणत. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली, तुमचं भिंग घेतलं आणि पडद्यावरचं एकेक अक्षर वाचलं. वाचून झाल्यावर मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवतील.

"चांगलं लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण बरोबर नाही."

"काय बरोबर नाही, काकू?"

"हेही तुझ्या त्या साहेबासारखेच होते. हसत सही करायचे. एक विणकर होता, दोन हातमागांचा. ह्यांनीच त्याला सांगितलं, पॉवरलूम घे, बँक देईल. चांगले दिवस होते, वरून टार्गेट होतं. दिलं कर्ज. मग रेशीम महागलं, माल उठेना, हप्ते थकले. त्याची बायको आपल्या दारात आली होती. मीच दार उघडलं. हातात एक साडी. म्हणाली, 'बहनजी, ये रख लीजिए, साहब से बस तीन महीने दिला दीजिए।' ह्यांच्या हातात काही राहिलं नव्हतं. साडी मी परत दिली. जप्तीत मशीन गाडीवर चढवलं तेव्हा हे तिथे उभे होते, सही करायला. त्या मोहल्ल्यातून पुन्हा कधी गेले नाहीत. मदनपुऱ्यात जायचं तरी तो मोहल्ला टाळून, लांबून वळसा घालून."

मी पडद्यावरचं माझंच पुन्हा वाचू लागले.

"तुझं कर्ज फिटलं," काकू म्हणाल्या, "म्हणून तू इथे लिहायला बसली आहेस. जिचं नाही फिटलं ती कुठे लिहील? सांग ना."

सहा वर्षं आपण ताळेबंदांवरून भांडलो, नाना. तुमच्यामागे ती साडी हातात धरलेली बाई उभी होती आणि माझ्यामागे सायकलच्या दुकानातले माझे वडील. आपण दोघांनी त्यांना बाहेरच उभं ठेवलं. भेटले असते तर आपलं भांडण मिटलं नसतं, असं मला वाटतं. पण दर रविवारी आपण कुणासाठी भांडतोय ते तरी एकमेकांना कळलं असतं. तुमची मंदी मला नेहमी बाजाराबद्दलची वाटायची.

"काकू, हे मी लिहू का खाली?"

"तू कशाला? मी सांगते, तू लिही. माझं नाव घाल."

"काय नाव घालू?"

"काकूच घाल. चौदाच्या चौदा जणांनी माझ्या हातचं खाल्लंय."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. तुम्ही श्वास घ्यायला थांबायचात, त्या थांबेनात. दोनदा मला म्हणाल्या, "वाचून दाखव," आणि दोनदा मीच घातलेला एक मवाळ शब्द पकडून काढायला लावला. पत्र पहिल्यांदाच दोन पानांचं झालं. फोटो लावला नाही. दुसऱ्या दिवशी चौदाही ठिकाणी रवाना केलं.

परवा गुप्ताजींचा फोन आला. म्हणाले, दोन-तीनदा वाचलं, मुलाकडून अर्थ लावून घेतला. मग विचारलं, "ये तीसरा कौन है? आपके नीचे जो लिखे हैं?"

"काकू," मी म्हटलं. "आपकी भाभीजी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"भाभीजी भी?" ते हळूच म्हणाले. "फिर तो मंदी पक्की समझिए।" आणि थोडं थांबून, "और आप? अब तो मान गईं न?"

चौक्यात काकूंनी हातातलं काम थांबवलेलं मला ऐकू आलं.

"नहीं, गुप्ताजी," मी म्हटलं. "मैं नहीं मानी।"